हौद्यात माल बसतो, माणूस नाही

(बोरगाव मेघे येथे झालेल्या जिल्हा बैठकीतील भाषण. बैठकीला येऊ न शकलेल्या गावांसाठी शब्दांकन करून देत आहोत.)



बैठक सुरू होण्याआधी आम्ही बाहेरच्या मैदानात एक चक्कर मारून आलो. भाषण करणाऱ्याने आधी माणसं मोजावीत अशी चळवळीची जुनी खोड आहे. आज आम्ही माणसं मोजली नाहीत, गाड्या मोजल्या. मैदानात सतरा पिकअप उभ्या आहेत. सहा गाड्यांची मागची चाकं पार गुळगुळीत झालेली आहेत. चार गाड्यांचा मागचा लाल दिवा एकतर फुटका आहे, नाहीतर चिखलाखाली गेलेला आहे. आणि सतराच्या सतरा गाड्या हौद्यात माणसं उभी करून आल्या आहेत.

म्हणून आज कापसाच्या भावावर बोलायचं ठरलेलं असताना आम्ही पिकअपवर बोलणार आहोत. कोणी म्हणेल, हे काम आर.टी.ओ.चं आहे, संघटनेचं नाही. शेवटपर्यंत ऐका, मग ठरवा. भावाचा हिशेबही यातच येणार आहे.

बंडी गेली, पिकअप आली

आपल्यातले जे साठीच्या पुढचे आहेत त्यांना एकाधिकार खरेदीचे दिवस आठवत असतील. खरेदी केंद्रापुढे बंड्यांची रांग लागायची. दोन दोन रात्री बंडीखाली झोपून काढायच्या. बैल दमला की बंडी आपोआप थांबायची. वजन जास्त झालं तर बैल मान टाकायचा. म्हणजे बंडीला ब्रेक नव्हता, पण बैलाला अक्कल होती. पिकअपला ब्रेक आहे, अक्कल आपल्याला वापरावी लागते.

गेल्या वीस वर्षांत छोटा हत्ती आणि पिकअप गावागावात पोचली. वावरातला माल तिच्यात, ढोरं तिच्यात, वेचणीच्या बाया तिच्यात, लग्नाचं वऱ्हाड तिच्यात आणि रात्री दवाखान्यात न्यायचा पेशंटही तिच्यातच. गाडी आली हे चांगलंच झालं. देवळीला भाव नाही तर हिंगणघाटला जाऊ, ही मोकळीक तिनेच दिली. व्यापाऱ्याच्या दारात अडकून पडलेला शेतकरी चाकावर आला. पण बंडीचं वंगण, धाव, जू रोज बघणारा आपला माणूस पिकअपच्या खाली वाकून बघत नाही. ते मिस्त्रीचं काम समजतो. आणि मिस्त्रीकडे गाडी जाते ती बंद पडल्यावर.

जादा भरल्याने किती वाचतं?

प्रत्येक गाडीच्या कागदावर दोन वजनं लिहिलेली असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं. दोन्हींतला फरक म्हणजे त्या गाडीने वाहून न्यायचं ओझं. समजा तुमच्या गाडीचा फरक १३०० किलो आहे. म्हणजे १३ क्विंटल कापूस, किंवा साठ किलोच्या भरतीचे एकवीस कट्टे सोयाबीन. ड्रायव्हर आणि शेजारी बसणारेही साधारण याच हिशेबात धरायचे.

आता हिशेब करू. घरात ३९ क्विंटल कापूस आहे. १३ क्विंटलप्रमाणे तीन खेपा होतात. पाट्या वाढवून, जाळी बांधून साडेएकोणीस क्विंटल भरला तर दोन खेपांत काम होतं. खेपेचे १५०० रुपये धरा. एक खेप वाचली म्हणजे १५०० रुपये वाचले. ३९ ने भागा. क्विंटलमागे सुमारे ३८ रुपये.

२०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये जाहीर झाला. त्यात ३८ रुपये म्हणजे अर्धा टक्काही नाही. उलट बाजू बघा. सी.सी.आय.च्या खरेदीत ८ टक्के ओलीला पूर्ण भाव असतो. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्यामागे भावाचा साधारण एक टक्का कापतात. म्हणजे एक टक्का ओलीचे ८१ रुपये गेले. दव उडाल्यावर वेचलेला, अंगणात एक ऊन दाखवलेला कापूस क्विंटलमागे ८१ रुपये जास्त आणतो. गाडी कोंबून भरली तर ३८ वाचतात, आणि तेही टायर, कमान आणि क्लच खाऊन. वर पकडलं गेलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात जादा वजनाला २० हजार दंड आहे आणि जादा टनामागे २ हजार वेगळे.

मग लोक जादा का भरतात? कारण शेतकऱ्याच्या हाती काहीच उरत नाही, तेव्हा तो जिथे वाचवता येईल तिथे वाचवू बघतो. आम्हाला हे कळतं. गरिबी माणसाला चुकीच्या ठिकाणी काटकसर शिकवते. पण सरकारी धोरणाने जे लुटलं ते ब्रेकमधून भरून निघत नाही.

कापूस हलका, पण गाडी उलटते

कापूस हलका आहे, त्याने काय होणार, असं अनेकजण म्हणतात. कापूस हलका असतो म्हणूनच त्याचा ढीग उंच जातो. ओझं जितकं उंच, तितकी गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला कलते. पांदणीतून डांबरी रस्त्यावर चढताना एक चाक वर आणि एक खाली असतं, तिथेच भरलेल्या गाड्या आडव्या होतात. सोयाबीनचे कट्टे आणि कापूस एकत्र न्यायचा असेल तर कट्टे खाली, कापूस वर. आणि कट्टे मागच्या फाळक्याकडे नाही, केबिनकडे सरकवून.

हे बंडीवाल्याला सांगायला नको. मागे भार झाला की बंडी उलाळ होते, जू बैलाच्या मानेवरून उचलतं. पिकअप उलाळ झाली की पुढची चाकं हलकी होतात. स्टीअरिंग हलकं लागतं, ड्रायव्हरला वाटतं गाडी छान चालली आहे. प्रत्यक्षात पुढच्या चाकांची रस्त्यावरची पकड सुटत असते.

काहीजण कमानीत जादा पाटा टाकून घेतात आणि म्हणतात, आता गाडी वीस क्विंटल उचलते. पाटा टाकल्याने कमान बसत नाही एवढंच. ब्रेक तेवढाच राहतो, टायर तेवढाच राहतो, धुरा तेवढाच राहतो. बंडीला लोखंडी साटा बसवला म्हणून बैलाची ताकद वाढत नाही.

कापसाला आणखी एक भीती आहे, आगीची. गावातल्या लोंबत्या तारेला उंच ढीग घासला की ठिणगी पडते. भरण्याआधी रस्त्यातल्या तारा कुठे खाली आल्या आहेत ते आठवून घ्या आणि वर माणूस बसवून काठीने तार उचलायचा उद्योग करू नका. तो माणूस जागीच जातो. सायलेन्सरच्या आसपास अडकलेला कापूस आणि कचरा काढून टाका. भरलेल्या गाडीजवळ बिडी नको. कडब्याचंही तेच. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या बाजूला हातभर बाहेर आल्या की आरसा झाकतो, मागचा दिवा झाकतो. रात्रीच्या वेळी मागून येणाऱ्याला रस्त्यात अंधाराचा ढीग तेवढा दिसतो, किंवा तोही दिसत नाही.

ब्रेक दाबल्यावर गाडी कुठे थांबते

एक साधं गणित. समोर ढोर आडवं आलं. डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. रस्ता कोरडा, टायर आणि ब्रेक उत्तम, ओझं नियमात. अशी गाडी ताशी ४० च्या वेगाने असेल तर साधारण २१ मीटरवर थांबते. ६० ला ४० मीटर लागतात. ८० ला ६० मीटरच्या पुढे जाते. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर दुप्पट नाही, तिप्पट होतं. गुळगुळीत टायर, पावसाळ्यात पांदणीतून डांबरावर आलेला काळ्या मातीचा चिखल आणि दीडपट ओझं यात मिळवा, मग कुठे थांबेल ते सांगायला आम्ही धजत नाही.

यवतमाळ रस्त्यावर सेलसुऱ्याच्या पुलावरून जानेवारी २०२२ मध्ये सात वैद्यकीय विद्यार्थ्यांची कार खाली गेली, सातही पोरं गेली. ती नवी पिढी होती, डॉक्टर होणार होती. त्याच रस्त्याने आपला कापूस देवळीला जातो. रस्ते रुंद झाले म्हणून आपल्या पिकअपचे ब्रेक चांगले झाले नाहीत.

उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे, काही तर इंजिनच बंद करणारे आपल्यात आहेत. तळेगावच्या सत्याग्रही घाटात हे करणं म्हणजे जीव गहाण टाकणं. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारा जोर दोन-तीन दाबांत संपतो, मग पेडल दगडासारखं होतं. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक तापत नाही. सतत दाबून तापलेला ब्रेक ऐनवेळी धरत नाही, आणि जळका वास आला तर तो ब्रेकचाच समजा. गाडी बाजूला घ्या, थंड होऊ द्या, तापलेल्या चाकावर पाणी मारू नका.

रोजची पाच मिनिटं

गाय दुहायच्या आधी आपण तिच्या अंगावरून हात फिरवतो. गाडीलाही सकाळी एवढं द्या.

टायरची हवा गाडी थंड असताना बघा. लाथ मारून हवा कळत नाही, गेज लागतो. तो महाग नाही, गावात दोघा-तिघांत एक घ्या. किती हवा हवी ते दारावरच्या पट्टीवर किंवा पुस्तकात दिलेलं असतं. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीला वेगळी असते. कमी हवेचा टायर लवत चालतो, लवला की तापतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात डांबर आधीच तापलेलं असतं. टायर फुटतात ते बहुतेक जास्त हवेने नाही, कमी हवेने आणि जास्त ओझ्याने. टायरच्या खाचेत बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायरचं आयुष्य संपलं.

ब्रेक ऑइलची डबी बघा. पातळी खाली गेली म्हणजे एकतर लायनर झिजले, नाहीतर गळती आहे. वर ओतून प्रश्न सुटत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं. गाडी सुरू करून हलवायच्या आधी एकदा पेडल दाबा. पाय स्पंजावर पडल्यासारखा वाटला तर त्या दिवशी गाडी काढू नका.

रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू आणि धूळ बसून पडदा तयार होतो. वेचणीच्या हंगामात आठवड्याला साफ करा. इंजिन तापलं तर झाकण लगेच उघडू नका, आतलं उकळतं पाणी तोंडावर येतं. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो, तिथेही काडी पेटवून बघायचं नाही.

चाक बदलताना मागे-पुढे दगड लावा. काळ्या मातीत जॅक खचतो, खाली जाड फळी ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, कोणाच्याही सांगण्यावरून नाही. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि चाळीस-पन्नास किलोमीटर गेल्यावर पुन्हा आवळा.

रस्त्यात गाडी बंद पडली तर मागे बऱ्याच अंतरावर त्रिकोण ठेवा. आपण दगडं लावतो. गाडी दुरुस्त होते, आपण निघून जातो आणि दगडं तिथेच राहतात. रात्री मोटरसायकलवाला त्यावर मरतो. तोही आपल्याच गावचा असतो.

आणि जिनिंगच्या आवारात गाडीच्या सावलीत, गाडीखाली झोपू नका. बंडीखाली झोपायची सवय आहे, पण बंडी स्वतःहून मागे येत नव्हती. गाडी मागे घेताना एक माणूस खाली उतरून मागे उभा करा. अंगणात लेकरं असतात.

फवारणीचं औषध केबिनमध्ये ठेवू नका आणि खाण्याच्या धान्यासोबत हौद्यातही नको. १९५८ साली केरळात एकाच जहाजातून आलेलं फॉलिडॉल गव्हाच्या पिठात सांडलं आणि शंभरावर माणसं मेली. यवतमाळचं २०१७ साल तर आपण डोळ्यांनी पाहिलं. औषध न्यायचं तर बंद पेटीत, शेवटच्या खेपेला, आणि नंतर हौदा धुऊन.

आता मुख्य गोष्ट

फेब्रुवारी २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला. पपईवर बसलेले पंधरा मजूर गेले. ४ एप्रिल २०२५ ला नांदेडजवळ आलेगाव शिवारात हळदीच्या कामाला निघालेल्या बायांची ट्रॉली विहिरीत पडली. सात बाया गेल्या. त्या हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या. ११ ऑगस्ट २०२५ ला, श्रावणी सोमवारी, पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेली बायांची पिकअप चढावर मागे आली आणि खाली गेली. किमान दहा बाया गेल्या.

तिन्ही ठिकाणी माल न्यायच्या गाडीत माणसं होती. हौद्याला सीट नाही, पट्टा नाही, धरायला दांडा नाही. कट्टा पडला तर फुटतो, बाई पडली तर घर फुटतं. आणि उभी माणसं म्हणजे हलतं ओझं. वळणावर तीस माणसं एका बाजूला रेलली की तीच गाडी उलटवतात.

विम्याचं काय होतं तेही समजून घ्या. मालवाहू गाडीच्या विम्यात मालासोबत बसलेला मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी धरला जातो. फुकट नेलेल्या किंवा भाडं घेऊन भरलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००२ साली आशा राणी प्रकरणात सांगितलं. कधी कधी कोर्ट कंपनीला आधी पैसे भरायला लावतं, पण मग कंपनी ते गाडीमालकाकडून वसूल करते. गाडीमालक कोण? आपल्यातलाच चार एकरवाला, कर्ज काढून गाडी घेतलेला. म्हणजे एका अपघातात मजुराच्या घरातलं माणूस जातं आणि मालकाचं वावर जातं. दोन्ही घरं आपलीच.

लायसनबद्दल अफवा फार आहेत. हलक्या वाहनाचं लायसन असलेला माणूस साडेसात हजार किलोच्या आतली मालगाडी चालवू शकतो, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने कायम केलं. म्हणजे त्या कारणावरून विमा नाकारणं आता सोपं नाही. पण लायसनच नसलेल्या पोराच्या हाती गाडी दिली, फिटनेस संपलेलं असलं, विम्याची तारीख उलटलेली असली, तर कोणतंही घटनापीठ वाचवायला येणार नाही.

आता आमच्याकडे बोट. काही वर्षांपूर्वी एका मेळाव्याहून आम्ही रात्री परतत होतो. हौद्यात चौतीस जण होते. आम्ही केबिनमध्ये, पुढारी ना! मागे घोषणा चालू होत्या आणि आम्हाला अभिमान वाटत होता. एका वळणावर मागची चाकं घसरली आणि गाडी पळसाच्या झाडाला टेकून थांबली. कोणालाच फारसं लागलं नाही. ते झाड तिथे नसतं तर पुढे नाला होता. त्या रात्री घोषणा बंद झाल्या. आम्ही मात्र दुसऱ्या दिवशी काहीच बोललो नाही, कारण पुढच्या महिन्यात दुसरा मेळावा होता आणि गर्दी हवी होती. ही गोष्ट आज पहिल्यांदा सांगतो आहोत. जी संघटना शेतकऱ्याच्या जिवाची किंमत मागते, तिनेच तो जीव हौद्यात उभा करून आणायचा, हे बरोबर नव्हतं.

कोणी विचारेल, मग यायचं कसं? एस.टी. गावात येते कुठे? २०२१-२२ च्या संपानंतर अनेक फेऱ्या पूर्वीसारख्या सुरू झाल्या नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर सोपं नाही. गर्दी कमी होईल, मेळावा लहान दिसेल. दिसू द्या. एस.टी.च्या फेऱ्या मागणं हे आपलं आंदोलनाचं कलम झालं पाहिजे. वेचणीच्या बायांसाठी सीट असलेल्या गाडीचं भाडं जास्त पडेल. ते वेचणीच्या खर्चात धरा, आणि उत्पादन खर्चाचा हिशेब सरकारपुढे ठेवताना तो आकडा त्यात लिहा. आजवर तो खर्च बाया आपल्या जिवावर सोसत होत्या, म्हणून कागदावर दिसत नव्हता.

तर आज तीन ठराव मांडतो. एक, यापुढे संघटनेच्या कोणत्याही कार्यक्रमाला मालगाडीच्या हौद्यातून माणसं आणायची नाहीत. आणली तर त्या गावाची गर्दी आम्ही मोजणार नाही. दोन, प्रत्येक शाखेने गावातल्या पिकअपची यादी करून विमा, फिटनेस आणि लायसनच्या तारखा शाखेच्या वहीत लिहायच्या आणि संपायच्या महिनाभर आधी मालकाला सांगायचं. तीन, तालुक्यातल्या बंद एस.टी. फेऱ्यांची यादी पुढच्या बैठकीला घेऊन यायची.

पटत असेल तर हात वर करा. आज मात्र परत जायचं आहे आणि गाड्या त्याच आहेत, हे आम्हालाही कळतं. म्हणून शहराच्या बाजूला राहणाऱ्यांनी आणि ज्यांना वर्ध्याहून एस.टी. मिळते त्यांनी पिकअपमध्ये चढू नये. बाकीच्यांनी दोन फेऱ्या कराव्यात, हौद्यात खाली बसून, उभं राहून नाही, आणि ताशी तीसच्या वर नाही. हा आजच्यापुरता नाइलाज आहे, रीत नाही. मंडपाच्या बाहेर टेबलावर हवेचा गेज आणि एक फडकं ठेवलं आहे. ड्रायव्हर भावांनी चाकं तपासावीत, मागचा दिवा पुसावा आणि मगच गाडी काढावी. जेवण त्यानंतर.